पाच वर्षांत तीस तास

आमच्या धंद्यात पाच वर्षं जुना रेझ्युमे घेऊन इंटरव्ह्यूला गेलात, तर समोरचा माणूस चहा सुद्धा विचारत नाही. फ्रेमवर्क बदलतं, व्हर्जन बदलते, कालपर्यंत बरोबर असलेली पद्धत आज 'डेप्रिकेटेड' होते. जुना कोड चालतो, नाही असं नाही, पण कधी कुठे फुटेल सांगता येत नाही. म्हणून आपण शनिवार-रविवार डोळे फोडून काहीतरी नवीन शिकत बसतो आणि त्याबद्दल जगाकडे तक्रारही करतो.

आता एक साधं गणित. महाराष्ट्रात एमबीबीएस डॉक्टरला आपलं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशनचे, म्हणजे सीएमईचे, ३० क्रेडिट जमवावे लागतात. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेतही हाच आकडा आहे, पाच वर्षांत किमान ३० तास. म्हणजे वर्षाला ६ तास. म्हणजे महिन्याला अर्धा तास. आपण वडापावच्या गाडीसमोर महिन्याला यापेक्षा जास्त वेळ उभे असतो.

बरं, आकडा लहान आहे ही माझी मुख्य तक्रार नाहीच. तास भरले म्हणजे शिकणं झालं असं मानलं जातं, ही आहे. कंपनीतलं ते सक्तीचं ई-लर्निंग आठवा. माहिती सुरक्षितता, आचारसंहिता वगैरे. एका हाताने नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश आणि दुसऱ्या हातात सामोसा. सर्टिफिकेट शंभर टक्के लोकांना मिळतं. शिकतात किती? आपल्याकडे त्याने फार बिघडत नाही. दवाखान्यात बिघडतं.

माझंच सांगतो. मला लहानपणापासून दमा. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे अख्ख्या गावाचे डॉक्टरकाका. देवमाणूस. रात्री अडीचला दार वाजवलं तरी लुंगीवर उठून येणारे. त्यांनी मला निळा पंप दिला होता, दम लागला की घ्यायचा. कॉलेजात, नोकरीत तेच चालू होतं, महिन्याला साधारण एक पंप संपायचा. २०२१ च्या डिसेंबरात पुण्यात एका रात्री तो पंपही चालेना. रूममेटने बाईकवर मधे बसवून, मागून दुसऱ्याने धरून, मला हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होतो. बाहेर आल्यावर छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वर्षाला किती पंप लागतात?" मी म्हटलं, बारा-तेरा. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिले.

का बघत राहिले ते मला नंतर वाचून कळलं. निळा पंप श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू सैल करतो, पण आतली सूज तशीच राहते. आराम पडतो म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि सूज वाढत जाते. जागतिक पातळीवर दम्याची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ साली स्पष्टच सांगितलं की मोठ्या आणि किशोरवयीन पेशंटना नुसता असा पंप देऊ नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या ऍटॅकचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा. बारा. माझा आकडा.

आता यात काकांचा दोष किती? सौम्य दम्याला गरजेपुरता नुसता पंप हे २०१९ पर्यंत पुस्तकातलंच उत्तर होतं. ते शिकले तेव्हा ते बरोबर होतं. पुढे पुस्तक बदललं आणि बदललं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी गावी गेल्यावर डिस्चार्जचा कागद त्यांना दाखवला. त्यांनी तो तीनदा वाचला, झेरॉक्स काढून आणायला लावला आणि म्हणाले, "अरे, माझे अजून पंधरा-वीस पेशंट आहेत असे. त्यांना बोलवून घ्यायला पाहिजे." आणि खरोखरच बोलावलं. म्हणजे शिकायची इच्छा होती, डोकंही होतं. पोचलं नव्हतं ते फक्त ज्ञान. ते पोचायला एका पेशंटला दोन दिवस ऑक्सिजनवर झोपावं लागलं, ही काही चांगली डिलिव्हरी सिस्टिम नव्हे.

आणि हे एकट्या दम्याचं नाही. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक द्यावं, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ साली सांगितलं. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. टीबीच्या सरकारी उपचारात आठवड्यातून तीनदा गोळ्या द्यायची पद्धत जाऊन २०१७ मध्ये रोजच्या गोळ्या आल्या. यातलं काहीही सुपरस्पेशालिस्टचं काम नाही. गल्लीतल्या दवाखान्यात दिवसातून दहा वेळा लागणारी ही माहिती आहे. दिल्लीत निघालेला आदेश आटपाडीच्या दवाखान्यात कुठल्या रस्त्याने पोचतो? बऱ्याचदा एमआरच्या बॅगेतून. आणि बॅगेत काय ठेवायचं ते कंपनी ठरवते.

अनुभवी डॉक्टर म्हणजे चांगला डॉक्टर, असं आपण धरून चालतो. २००५ साली 'ऍनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी यावरचे ६२ निष्कर्ष एकत्र करून तपासले. त्यातल्या ३२ मध्ये, म्हणजे निम्म्याहून अधिक निष्कर्षांत, प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तशी कामगिरी सगळ्याच मोजमापांवर घसरलेली दिसली. वाचून मलाही धक्का बसला होता. नीट विचार केला तर यात नवल नाही. अनुभवाने रोग ओळखणारी नजर तयार होते, पण काल बदललेली मार्गदर्शक तत्त्वं अनुभवातून उगवत नाहीत. ती कुणीतरी सांगावी लागतात.

मग सीएमईत ती सांगत नाहीत का? दोन वर्षांपूर्वी एका रविवारी काकांना जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका कार्यक्रमाला गाडीने नेलं होतं. एसी हॉल, दारात रजिस्टर, सही, फोल्डर, पेन. मागच्या खुर्चीत मीही बसलो. पहिलं व्याख्यान गुडघ्याच्या रोबोटिक सर्जरीवर. काकांच्या दवाखान्यात रोबो सोडा, एक्स-रे मशिनही नाही. दुसरं एका महागड्या नव्या औषधावर, आणि बाहेर त्याच औषधाचा स्टॉल. जेवण मात्र सॉलिड होतं :-) जेवणानंतर हॉल निम्मा रिकामा. पॉइंट सगळ्यांना सारखे.

पैसे कोण देतं, यावर विषय कोणता हे ठरतं. कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला डॉक्टरांना २००९ पासून नियमाने मनाई आहे. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना टॅक्समधून वजा करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमांपासून डॉक्टरांनी दूर राहावं असा नियम आणला, आणि इतर वादग्रस्त कलमांसकट तो तीन आठवड्यांत स्थगितही केला. २०२४ च्या नव्या संहितेत परदेशातल्या सीएमईला बंदी आहे, पण देशात कंपन्यांना अटींसह मुभा आहे. म्हणजे दोरी अजून त्यांच्याच हातात.

काकांना परत येताना मी जरा तावातावाने हे सगळं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "सगळं बरोबर आहे तुझं. पण कंपनीने हॉल दिला नाही तर कोण देणार, तू? आणि दवाखाना बंद ठेवला तर त्या दिवशीचं उत्पन्न कोण देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला कंपनी ट्रेनिंगच्या दिवसाचाही पगार देते. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला शिकण्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. टीका करताना हे विसरून चालणार नाही.

म्हणून नुसतं "तीसचे साठ तास करा" म्हणून काही होणार नाही. काय उपयोगी पडतं, यावर अभ्यास झालेले आहेत. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. चर्चा, केसेस, सराव असेल तर पडतो. आणि तोही बेताचाच. २००९ च्या कॉक्रेन समीक्षेत ८१ चाचण्यांमधून दिसलेली सुधारणा मध्यमानाने ६ टक्के होती. म्हणजे एका रविवारात चमत्कार होत नाही. थोडं थोडं, पण सारखं करत राहावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१२ च्या अखेरीस सुरू झालेल्या रिव्हॅलिडेशनमध्ये जीपीला दरवर्षी ५० क्रेडिट अपेक्षित असतात आणि दरवर्षी सहकाऱ्यासमोर बसून आपल्या कामाचा आढावा द्यावा लागतो. तिथले जीपीही या कागदपत्रांवर वैतागतात. पण निदान आढावा स्वतःच्या पेशंटांचा असतो, दुसऱ्याच्या रोबोचा नाही.

माझ्या मते आपल्याकडे तीन गोष्टी फार खर्च न करता होतील. एक, कौन्सिलने दर तीन महिन्यांनी एका पानाची 'रिलीज नोट' काढावी, मराठीत आणि इंग्रजीत: काय बदललं, काय बंद झालं, उद्यापासून काय करायचं. दोन, क्रेडिटचा काही हिस्सा फक्त प्राथमिक उपचारांच्या विषयांसाठी राखून ठेवावा आणि तालुक्यातल्या आठ-दहा डॉक्टरांनी महिन्यातून एकदा एकमेकांची वीस प्रिस्क्रिप्शन्स तपासली तर त्याचेही क्रेडिट द्यावे. त्याला हॉल लागत नाही, कुणाच्या तरी दवाखान्यातला बाक पुरतो. तीन, यात बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांनाही बसवावं. त्यांची कौन्सिलं वेगळी, हे मान्य. पण निम्मा महाराष्ट्र तापाला त्यांच्याकडेच जातो, हे कुणी नाकारू शकेल का?

आणि आपला वाटा? दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर आपणच अँटिबायोटिक मागतो. डॉक्टर "नुसतं ओआरएस द्या" म्हणाला तर "याला काही येत नाही" म्हणून दुसरीकडे जातो. स्पेशालिस्टला हजार रुपये मुकाट्याने देतो आणि फॅमिली डॉक्टरने फी पन्नासने वाढवली की कुरकुरतो. शिकून घेतलेला डॉक्टर कमी औषधं लिहितो. त्या न लिहिलेल्या औषधाचे पैसे द्यायची आपली तयारी आहे का? ती होत नाही तोवर ते पैसे कंपन्याच देत राहणार, आणि पुढच्या रविवारचा विषयही त्याच ठरवणार.