सोळा घरांचा ठेका

काय दोस्तांनो, वाजतंय का काही?

गेल्या खेपेस आपण ‘हायड्रोजन’ हा ड्रम मशीनचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवला. तेव्हापासून तुमच्या पत्रांचा सूर एकच आहे. ठेका वाजतो, तालातही वाजतो, पण ऐकवत नाही! एका मैत्रिणीनं लिहिलंय, “शिवणयंत्रावर कुणीतरी चादर शिवतंय असं वाटतं.” तिची अडचण जरा घाईची आहे. स्नेहसंमेलनात तिच्या गटाचं गाणं आहे आणि तबला वाजवणारा मुलगा दहावीत गेल्यामुळे घरचे त्याला तालमींना सोडायला तयार नाहीत. आता साथीला उरला फक्त कॉम्प्युटर. तो शिवणयंत्रासारखा वाजला तर पुढच्या रांगेतली पोरं काय करतील, हे मी सांगायला नको.

तर आज शिवणयंत्राचा तबलजी करायचा. निदान अर्धामुर्धा.

आधी एक गोष्ट समजून घ्या. त्या चौकटींच्या तक्त्यात तुम्ही माउसनं टिंब देता, तेव्हा तिथं आवाज ठेवला जातो असं वाटतं ना? छे! तिथं ठेवली जाते एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘अमुक वाद्य, अमुक जोरात.’ बस्स. आवाज असतो दुसरीकडेच, ड्रमकिटच्या फाइलीत. चिठ्ठीची पाळी आली की प्रोग्रॅम तो आवाज काढून वाजवतो. या चिठ्ठ्या एका यंत्राकडून दुसऱ्याकडे ज्या भाषेत जातात, तिचं नाव मिडी.

मिडीच्या आधी प्रत्येक कंपनीचं वाद्य आपापल्या बोलीत बोलायचं. एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. अमेरिकेतला डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका प्रदर्शनात चक्क दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेनं जोडले गेले. इकडची पट्टी दाबली की तिकडचा आवाज! या कामाबद्दल दोघांना २०१३ साली तांत्रिक कामासाठीचं ग्रॅमी मिळालं. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, तरी जुनी भाषा अजून सगळीकडे चालते.

आणि भाषा किती काटकसरी पाहा. एका ठोक्याची चिठ्ठी म्हणजे फक्त तीन बाइट. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायला एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात! वाद्यांना नावांऐवजी नंबर असतात. बास ड्रम ३६, स्नेअर ३८, मिटलेली हाय-हॅट ४२. ही यादी १९९१ साली ठरली, आणि त्याच वेळी ठरलं की ड्रमसाठी दहा नंबरचं चॅनेल. मिडी फाइल मित्राला पाठवलीत आणि त्याच्याकडे ड्रमऐवजी पियानोचे खर्जातले स्वर ढणढण वाजू लागले, तर घाबरू नका. चॅनेल चुकलंय, एवढंच. ३६ नंबरची चिठ्ठी दहाव्या दारात पडली तर ड्रम, दुसऱ्या दारात पडली तर पियानोची पट्टी.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच यंत्र करतं. तुम्ही सोळा टिंबं दिलीत आणि प्रत्येकाचा जोर सारखा ठेवलात, तर ते बिचारं सोळाही ठोके सारख्याच जोरानं मारणार. माणूस असं कधी वाजवतो का? समेवर हात जड पडतो, मधले बोल हलके जातात. मिडीत हा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत असतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. हायड्रोजनमध्ये तक्त्याच्या खाली उभ्या दांड्या दिसतात ना, त्याच या. दांडी उंच तर ठोका जोरात. बहुतेकांनी त्या दांड्यांना हातच लावलेला नाही, असा माझा दाट संशय आहे!

चला, केरवा लावून बघू. आठ मात्रांचा, सगळ्यांच्या ओळखीचा: धा गे ना ती, न क धी न. तक्त्यात घरं सोळा आहेत, तेव्हा एका मात्रेला दोन घरं. म्हणजे बोल येतील १, ३, ५, ७, ९, ११, १३ आणि १५ या घरांत. डग्ग्याचं काम बास ड्रमला देऊ आणि तबल्याचं काम स्नेअरच्या कडेवर काठी मारल्याचा जो टकटक आवाज असतो त्याला. ‘धा’ आणि ‘धी’ म्हणजे दोन्ही हात एकदम. ‘गे’ला फक्त डग्गा. ‘ना’, ‘ती’, ‘न’ला फक्त तबला. राहिला ‘क’. तो बंद, बसका बोल. त्याला मिटलेली हाय-हॅट हलकीशी द्या. मोजा पाहू, बास ड्रमची टिंबं तीनच येतात की नाही? १, ३ आणि १३. ‘ना’पासून ‘क’पर्यंत डग्गा गप्पच आहे, आणि ती गप्पच ठेवा. रिकामं घर दिसलं की टिंब द्यायला हात शिवशिवतो, पण केरवा केरवा वाटतो तो त्या रिकाम्या जागेमुळेच.

आता दांड्या. पहिल्या ‘धा’ची जवळजवळ पूर्ण उंच. ‘गे’ची निम्म्याहून जराशी वर. ‘ना’ आणि ‘ती’ मध्यम, पाचव्या मात्रेचा ‘न’ अगदी हलका, ‘धी’ पुन्हा वर, शेवटचा ‘न’ उतरता. वाजवा. मग सगळ्या दांड्या एका उंचीच्या करून वाजवा. फरक कळला? मला विचाराल तर निम्मं काम इथंच होतं. लोक उगाच महागडे आवाज शोधत बसतात.

जोर झाला, आता वेळ. मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरली तर हायड्रोजनमधलं एक घर होतं १५० मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग. यंत्र ते घर काटेकोर पाळतं. वाजवणारा माणूस मात्र किंचित मागेपुढे होतो. त्यासाठी मिक्सरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाखाली तीन कळा दिल्यात. पहिल्या दोन जोर आणि वेळ थोडे इकडेतिकडे करतात. फाशाचं दान पडावं तसे, कसेही. त्या अगदी चिमूटभर फिरवा. चांगल्या तबलजीचा हात कसाही मागेपुढे होत नाही बरं का! तो दर आवर्तनाला त्याच ठिकाणी रेंगाळतो. म्हणून ‘लीड अँड लॅग’ची सोय वापरून ठरावीक टिंब हातानं मागं सरकवलेलं मला जास्त पटतं. ‘धी’ किंचित उशिरा आणून बघा.

तिसरी कळ स्विंगची. ती प्रत्येक जोडीतलं दुसरं घर लांबवते. दोन घरं मिळून ३०० मिलिसेकंद. सरळ लयीत १५० आणि १५०, पूर्ण झुलत्या लयीत २०० आणि १००. पण आपल्या केरव्यात ही कळ फिरवून काहीच होणार नाही! का? कारण आपले सगळे बोल विषम घरांत आहेत आणि लांबवली जातात सम घरं. तेव्हा आधी सम घरांत हाय-हॅटची अगदी बारीक टिंबं द्या, कुजबुजल्यासारखी. मग कळ फिरवा. ठेका चालायचा थांबून डुलायला लागेल.

बरं, ही घरं सोळाच का, असं कुणाच्या मनात आलं का? रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे यंत्र १९८० साली आलं, त्याच्या पुढच्या बाजूला सोळा बटणं एका ओळीत होती. चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. पाश्चात्त्य नाचाच्या संगीताला हे अगदी फिट्ट बसतं. पुढे प्रोग्रॅम आले आणि त्यांनी तोच तक्ता उचलला. आपल्या मुंबईत हे यंत्र फार लवकर पोचलं होतं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली ८०८च्या ठेक्यावर सिंथेसायझरनं भैरव, ललित, यमन असे दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले, कारण तसलं संगीत परदेशात नंतर काही वर्षांनी सुरू झालं होतं. मला स्वतःला ती ऐकताना एक गोष्ट जाणवते. राग दहा, पण खालचा ठेका डिस्कोचा. राग यंत्रात शिरले, आपले ताल मात्र दाराबाहेरच राहिले.

तुमच्यावर ती पाळी नाही. तक्त्याची लांबी बदलता येते, फक्त तसं करायचं सुचलं पाहिजे. दादऱ्याच्या सहा मात्रांना बारा घरं ठेवा, रूपकाच्या सात मात्रांना चौदा, झपतालाच्या दहांना वीस. तक्ता सोळाचा दिसतो म्हणून प्रत्येक गाणं सोळांत कोंबायचं, हे मला मुळीच मान्य नाही. त्या मैत्रिणीचं गाणं दादऱ्यातलं असेल आणि तिनं ते सोळा घरांत बसवलं असेल, तर शिवणयंत्राचा अर्धा दोष तिथंच आहे.

आता इफेक्ट. इथं बहुतेकांची तबियत खूश होते आणि ठेक्याची बिघडते! चिठ्ठी कागदाची, इफेक्ट आवाजावर, हे ध्यानात ठेवा. म्हणजे मिडी फाइल पाठवलीत तर इफेक्ट तिच्यासोबत जात नाही. मित्राकडे कोराच ठेका पोचतो.

रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. अशा कितीतरी भिंतींवरून परतलेले आवाज एकमेकांत मिसळले की घुमारा तयार होतो. बास ड्रमला तो जवळजवळ देऊ नका, नाहीतर डग्ग्याचा नुसता गडगडाट होईल. तबल्याच्या टकटकीला थोडासा चालेल. आणि ऐका, शाळेचा हॉल म्हणजे स्वतःच एक भला मोठा रिव्हर्ब असतो! उघड्या भिंती, वर पत्रे, खाली फरशी. घरी हेडफोनवर छान वाटलेला घुमारा तिथं दुप्पट होतो. तेव्हा हॉलसाठी ठेका कोरडाच न्या.

डिले म्हणजे एकच ठोका ठरावीक वेळानं पुन्हा ऐकू येणं. त्याची वेळ अंदाजानं लावली की लयीची खिचडी होते. हिशेब सोपा आहे. ६०,००० ला लयीच्या आकड्यानं भागा. लय १०० असेल तर ६०० मिलिसेकंदांचा एक ठोका, ३०० चा अर्धा. डिले यांपैकीच ठेवा. आणि कॉम्प्रेसर? तो मोठे आवाज दाबून सगळे ठोके एका पातळीला आणतो. आत्ता मरमर करून ज्या दांड्या वरखाली केल्या, त्यांवर बोळा फिरवण्याचंच ते काम! गरज पडलीच तर थोडा.

आमच्या त्या मैत्रिणीला आणखी एक सुचवतो. दहावीतल्या त्या दोस्ताला तालमीला बोलावू नकोस, फक्त पंधरा मिनिटं माग. तुमचं गाणं म्हण आणि त्याला वाजवू दे. तू वहीत लिही: कुठल्या बोलाला हात जड पडला, कुठं हलका, कुठं तो रेंगाळला. तो हात तक्त्यात उतरव. कार्यक्रमाच्या पाटीवर त्याचं नावही घाल, कारण ठेका त्याचाच असेल.

स्नेहसंमेलनाला न्यायची ती मिडी नव्हे, वेव्ह फाइल, नाहीतर तिकडच्या मशीनवर भलतंच काही वाजेल. दोन दिवस आधी हॉलच्याच स्पीकरवर लावा आणि एकानं अगदी शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहा. डग्गा तिथपर्यंत पोचत नसेल तर आवाज वाढवण्याआधी दुसरा बास ड्रम निवडून बघा, जरा चढ्या सुराचा. लहान स्पीकरला फार खालचे सूर झेपत नाहीत.