शोभेचे दिवे आणि गरजेचा दिवा

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत मुंबईकर धनिकांचे बंगले उभे राहिले आहेत. छतात दडवलेले दिवे, परदेशी झुंबरे, माडांवर सोडलेले प्रकाशझोत यांची तेथे हौसेने मांडणी होते. सौंदर्याची आवड हा दोष नव्हे. परंतु प्रकाश कोणाच्या वाट्याला कधी येतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

याच रायगड जिल्ह्यातील घारापुरी बेट मुंबईच्या झगमगाटासमोर आहे. तेथील तीन वाड्यांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी, २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज मिळाली. तोवर जनित्रावर रात्रीचे काही तासच दिवे लागत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब कोसळले, तेव्हाही किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ज्याच्या दारी जनित्र, त्याच्याच घरी उजेड!

बाजार ऐपत ओळखतो, गरज ओळखत नाही. घारापुरीची केबल बाजाराने टाकली नाही. ती सार्वजनिक वीज कंपनीने, सरकारी पैशातून टाकली. म्हणून कोळीवाड्यांपर्यंत वादळात टिकणाऱ्या वीजवाहिन्या पोहोचवणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य ठरते. शोभेची पाळी त्यानंतरची.