फाटकासमोरचे नाटक

पथनाट्य म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सरकारी योजनेचा बॅनर आणि ढोलकी घेतलेली कॉलेजची मुले येतात. मतदान करा, कचरा वेगळा करा, मुलीला शिकवा. हे सांगण्यात काहीच गैर नाही, आणि त्यातून कलावंतांच्या हाती चार पैसे पडत असतील तर चांगलेच. पण इथे विषय वरून ठरलेला असतो आणि लोकांनी आपले वागणे सुधारावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. मजुरी का वाढत नाही, भाव कोणी पाडला, कर्ज का फिटत नाही, हे विचारायला त्यात जागा नसते. रस्त्यावरचे नाटक आपल्या देशात रुजले ते मात्र याच प्रश्नांवर.

दिल्लीच्या जन नाट्य मंचाचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. 1973 मध्ये सुरू झालेली ही संस्था आधी मोठी नाटके करायची. आणीबाणी उठली तेव्हा कामगार संघटनांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि मोठ्या प्रयोगाचा खर्च त्यांना झेपेना. मोठे नाटक नेता येत नसेल तर छोटे न्यावे, असे ठरले. पैशाच्या तंगीतून 1978 मध्ये 'मशीन' हे छोटे नाटक उभे राहिले. त्यामागे एक घटना होती. गाझियाबादच्या एका कारखान्यात कामगारांच्या मागण्या दोनच होत्या: सायकली लावायला स्टँड आणि चहापाण्यासाठी कँटीन. व्यवस्थापनाने त्याही नाकारल्या, सुरक्षारक्षकांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले.

मंचाचे सफदर हाश्मी आणि राकेश सक्सेना यांनी यावर जेमतेम तेरा मिनिटांचे हे नाटक लिहिले. पडदा नाही, नेपथ्य नाही. नटच एकमेकांना जोडून उभे राहतात, अंगाच्या हालचालींनी आणि तोंडाच्या आवाजाने यंत्र बनतात आणि ते यंत्र अचानक थांबते. एवढ्या साध्या गोष्टीतून मोठे अर्थशास्त्र उलगडते. सायकल स्टँडला खर्च तो किती? तरीही नकार आला, कारण मुद्दा खर्चाचा नव्हताच. कामगार मागू शकतो, हेच मालकाला मान्य नव्हते. रोज त्याच फाटकातून आत जाणाऱ्या माणसाला हे व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. समोर पाहिले की त्याला आपला मुकादम आठवतो, आपली कापलेली मजुरी आठवते.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचाच सांगाडा घेऊन सावकारी आणि भटशाहीवर बोट ठेवले. आंबेडकरी जलशांनी चळवळ वाड्यावस्त्यांत पोचवली. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंनी गणातला गणपती बाजूला ठेवून मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले, गौळण वगळली. पण ढोलकी, डफ आणि सोंगाड्याची हजरजबाबी भाषा राखली. गिरणगावातल्या कोकणी-घाटी माणसाला हे नाटक कसे बघायचे ते शिकवावे लागले नाही, कारण बाज त्याच्या गावच्या जत्रेतलाच होता. आजच्या किती पथनाट्यांना आपल्या प्रेक्षकाची बोली येते?

सत्तेला या नाटकाची ताकद नेहमीच कळली आहे. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी नाटकांना आवर घालण्यासाठीच आणला; खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर 1910 मध्ये बंदी आली. स्वतंत्र भारतात, 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगार वस्तीत 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला, दुसऱ्या दिवशी सफदर गेले. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री साथीदारांना घेऊन त्याच जागी गेल्या आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. 1876 चा तो कायदा आता रद्द झाला आहे. मात्र महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याची व्यवस्था उरली आहे. पथनाट्याला मात्र थांबून चालत नाही: दिल्लीत बसभाडे वाढले तेव्हा जन नाट्य मंचाने तातडीने नाटक रचून ते बसथांब्यांवर केले. अशा नाटकाला शिक्क्याची वाट पाहायला लावणे म्हणजे ते होऊच न देणे. ही पूर्वतपासणी जायला हवी.

नाटकाने मजुरी वाढत नाही, ती संघटनेने वाढते, हे खरेच. पण लोक संघटित होण्याआधी त्यांना बोलण्याचा सराव लागतो, आणि तो नाटक देऊ शकते. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी यासाठीच नाटकातले पात्र हरण्याच्या क्षणी प्रयोग थांबवला आणि प्रेक्षकाला बोलावले: ये, तू असतास तर काय केले असतेस ते करून दाखव. रिओ द जानिरोचे नगरसेवक असताना, 1993 ते 1996 या काळात, अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांवरून त्यांनी तेरा कायदे करून घेतले. पश्चिम बंगालात जन संस्कृती हा गट 1985 पासून खेड्यांत काम करतो आणि त्याचे प्रयोग याच पद्धतीचे असतात. हुंडा किंवा मजुरीचा प्रसंग रंगतो आणि ज्या बाईने चारचौघांत तोंड उघडलेले नसते ती उठून ठेकेदाराशी भांडते. चुकते, अडखळते, पुन्हा करते. प्रत्यक्ष ठेकेदारासमोर उभे राहण्याआधी ती एकदा तरी उभी राहिलेली असते.

आता अडचण वेगळी आहे. कारखान्याचे फाटक ही या नाटकाची हक्काची जागा होती. पाळी सुटली की हजार माणसे एकदम समोर यायची. आज मोबाइलवरच्या ऑर्डरी पोचवणाऱ्या मुलाला फाटकच नाही. त्याचा दर कोण ठरवतो आणि खाते कोण बंद करते, हे त्याला दिसत नाही, आणि त्याचे सहकारी शहरभर विखुरलेले असतात. पण संध्याकाळी हॉटेलांबाहेर ऑर्डरची वाट पाहत दहा-पंधरा जण दुचाकींवर बसलेले असतातच. तीच बाब ऊसतोडीची. मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून निघालेला 'कोयता', म्हणजे नवराबायकोची जोडी, फडाजवळच्या कोप्यांत महिनोन्‌महिने राहतो, आणि हिशेब फिटला नाही तर उचलीचे ओझे पुढच्या हंगामात जाते. नाट्यगटांनी आधी तिथे जाऊन उचलीचा हिशेब समजून घ्यावा, बायकांना काय बोलायचे आहे ते ऐकावे आणि मग लिहायला बसावे. प्रयोग तोड संपल्यावर रात्री, कोप्यांसमोरच करावा. आणि टाळ्या पडल्यावर गाडीत न बसता तिथेच थांबावे, कारण लोक बोलायला लागतात ते त्यानंतर.