पुलगावला ग्रहण बघायला इंग्लंडहून आले होते, आपण निदान अंगणात तरी येऊ

व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरू लागला आहे. "२ ऑगस्टला सहा मिनिटं सगळी पृथ्वी अंधारात जाणार!" आतापर्यंत बऱ्याच जणांनी पाठवून विचारलं की भाऊ, हे खरं काय? आपल्याकडून दिसते का? पोट्ट्यांना दाखवायचं तर कुठं न्यायचं? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

२ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे, हे खरं. सहा मिनिटांचंही खरं. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाणार आहे. "सगळी पृथ्वी" हे मात्र साफ खोटं. चंद्राची दाट सावली जमिनीवरून एका पट्ट्यातून धावते. या वेळी तो पट्टा जिथे सर्वात रुंद आहे तिथेही अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्या पट्ट्यात उभा असेल त्यालाच अंधार, बाकीच्यांना खंडग्रास. पट्टा दक्षिण स्पेनमधून निघून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन करत सोमालियाकडे जातो. जेद्दा आणि मक्का दोन्ही त्यात येतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून जे कोणी त्या सुमारास उमऱ्याला जातील किंवा कामाधंद्यासाठी जेद्दाला असतील, त्यांना ते आपोआप दिसेल. आपल्याला पवनारात दुपार कलल्यावर सूर्याचा लहानसा तुकडा कुरतडलेला दिसेल. तोही ढग नसले तर. आणि त्या दिवशी आषाढी अमावस्या आहे, दुसऱ्या दिवशी श्रावण. आभाळ कसं असते ते सांगायची गरज नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्याच जिल्ह्याची आहे आणि आपल्यालाच माहीत नाही.

२२ जानेवारी १८९८. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावर चढला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून आला आणि विदर्भातून पुढे बक्सरकडे गेला. ते बघायला जगभरातून शास्त्रज्ञ आले होते. विजयदुर्गवर नॉर्मन लॉकियर. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला. आणि आपल्या पुलगावात केंब्रिजचे न्यूऑल आणि त्यांच्यासोबत कॅप्टन हिल्स. दुर्बिणी, कॅमेरे, काचेच्या प्लेटा, सगळा बारदाना घेऊन ही माणसं पुलगावात उतरली होती. पवनारहून पुलगाव चाळीसेक किलोमीटर.

पुलगावहून बडनेऱ्याकडे निघालं की वर्धा नदी ओलांडल्यावर तळणी स्टेशन लागते. पॅसेंजरने जाणाऱ्यांना ठाऊक असेल. त्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींची तुकडी होती. त्यात ॲनी माँडर नावाची बाई होती. ग्रीनिच वेधशाळेत आकडेमोडीचं काम करायची, लग्न झालं म्हणून १८९५ मध्ये तिला ती नोकरी सोडावी लागली. तीन वर्षांनी ती स्वतःचा कॅमेरा घेऊन तळणीला आली. सूर्याभोवतीच्या प्रभामंडलातला एक लांबच लांब किरण तिने तिथे फोटोत पकडला. तोवर इतका लांब किरण कोणाच्या फोटोत आला नव्हता. तिच्याच तुकडीत जॉन एव्हरशेड होते. पुढे ते कोडाईकनालच्या वेधशाळेत आले आणि १९०९ मध्ये सूर्यावरच्या डागांत वायू कसे वाहतात ते त्यांनी शोधलं. आज जगभर त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

विजयदुर्गला गेलात तर किल्ल्यावरचे "साहेबाचे ओटे" आजही दाखवतात. पुलगाव आणि तळणीच्या स्टेशनावर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

यात आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ते लोक महिनोन् महिने आधी तयारीला लागले होते. मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ चालू असतानाही आले. कुठं थांबायचं, रेल्वे कुठवर जाते, आभाळ कुठं निरभ्र राहील, सगळं आधी बघून ठेवलं होतं. पुलगावात काळोख जेमतेम दोन मिनिटांचा. त्या दोन मिनिटांसाठी समुद्र ओलांडून आले. जानेवारीत विदर्भाचं आभाळ स्वच्छ होतं आणि त्यांचं काम झालं.

आता दुसरं ग्रहण बघा. ११ ऑगस्ट १९९९. हाही पट्टा विदर्भावरूनच गेला. कच्छातून आत शिरला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास श्रीकाकुळमजवळ समुद्रात उतरला. त्या दिवशीही आषाढी अमावस्याच होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही गच्चीवर गेलो, वर नुसते ढग. संध्याकाळ जरा लवकर झाल्यासारखी वाटली, बस. एका शतकात दोन खग्रास ग्रहणं विदर्भावरून गेली. पृथ्वीवरच्या कोणत्याही एका ठिकाणी असं ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येते म्हणतात. एक परक्यांनी बघितलं, दुसरं ढगांनी खाल्लं.

"भाऊ, आपल्याकडून नव्वद टक्के दिसलं तरी झालं ना," असं कोणी म्हटलं की मला हे सांगावंसं वाटते: नव्व्याण्णव टक्के आणि शंभर टक्के ग्रहण यांत एका टक्क्याचा फरक नसते. एक टक्का सूर्य उरला तरी तो पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट तेज असते. शंभर टक्के झालं की भरदिवसा तारे दिसतात, चौफेर क्षितिजावर संधिप्रकाश पसरते, हवा गार होते, पाखरं झाडाकडे वळतात, आणि काळ्या चकतीभोवती पांढरं प्रभामंडल उघडं पडते. तेवढीच मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघता येते. म्हणून लोक पट्ट्याच्या आत जायला धडपडतात. पट्ट्याच्या बाहेर पाच किलोमीटर राहिलो तरी ते दिसत नाही.

तर पोट्ट्यांना कुठं न्यायचं? माझा हिशोब असा.

२०२७ ला परदेशी जायची ऐपत असेल तर लक्झर. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस जवळपास नसतेच. ऐपत नसेल तर घरी ढगांच्या फटीतून जे दिसेल ते.

२१ मे २०३१ ला कंकणाकृती ग्रहण आहे. चंद्र तेव्हा थोडा लांब असल्यामुळे सूर्य पूर्ण झाकला जात नाही, कडेला अंगठीसारखं वलय उरते. ते केरळ-तामिळनाडूतून दिसेल. दक्षिणेकडच्या गाड्या आपल्या सेवाग्राम स्टेशनवरूनच जातात. आणि जायचं नसेल तरी मे महिन्याची भरदुपार, शाळेला सुट्टी, कोरडं आभाळ. सूर्याचा मोठा भाग झाकलेला घरबसल्या दिसेल. गावात राहून बघायला हे ग्रहण २०२७ पेक्षा कितीतरी चांगलं.

मग २० मार्च २०३४. भारताच्या जमिनीवरून दिसणारं पुढचं खग्रास ग्रहण हेच. पट्टा लडाखमधल्या कारगिलच्या भागातून जातो. वेळ दुपारनंतरची, सूर्य पश्चिमेला कललेला. मार्चमध्ये तिथे बर्फ असते, ढगही येऊ शकते, डोंगर सूर्याला लवकर गिळते. म्हणजे जागा आधी बघून ठेवावी लागेल. पण देश आपला, पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही. बचतगटातल्या बाया भिशी कशी चालवतात ते आपण बघतो. महिन्याला ३०० रुपये बाजूला टाकले तर सात वर्षांत २५ हजार २०० होतात. एका पोराच्या प्रवासाला चांगला हातभार लागते. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. पाडवा कारगिलात करू.

एक अडचण आहे. २०२६-२७ या वर्षात जे पोरगं तिसरीत आहे, ते २०३४ च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसलेलं असेल. बोर्डाने आतापासूनच त्या आठवड्याचा विचार करावा, असं मी गमतीत नाही, मनापासून म्हणतो.

पण हे सगळं पुढचं. खरी परीक्षा २ ऑगस्ट २०२७ ला आहे. त्या दिवशी सोमवार आहे, सोमवती अमावस्या. आपल्याकडे काय होईल ते मी आत्ताच सांगू शकतो. काही शाळा लवकर सुटतील. पोट्ट्यांना "बाहेर फिरू नका" म्हणून घरात कोंडतील. आणि ज्या घरात गरोदर सून असेल, तिला वेध लागल्यापासून पाणीसुद्धा मिळणार नाही. भाजी चिरू नको, सुई हातात घेऊ नको, एका जागी पडून राहा. दरवेळी हेच पाहत आलो.

माझा सुतकाला विरोध नाही. ज्याला आंघोळ करायची त्याने धामेवर जावं, ज्याला जप करायचा त्याने करावा, ज्याला उपास करायचा त्याने करावा. मुसलमान बांधवही ग्रहणात नमाज पढतात. आपापली श्रद्धा आहे. पण पोटुशा बाईला उपाशी-तहानी ठेवणं ही श्रद्धा नव्हे, तो तिच्यावर लादलेला धाक आहे. ग्रहणाची सावली गर्भावर पडत नाही. पाणी न मिळाल्याने, साखर उतरल्याने मात्र त्रास होते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. अहो, पंचांगातही लहान मुलं, म्हातारे, आजारी आणि गरोदर बाया यांच्यासाठी वेध कमी वेळाचे दिलेले असतात. तेवढं तरी वाचा. आणि वावरात निंदायला जाणाऱ्या बाईला कोणी ग्रहणाची सुट्टी दिलेली मी आजवर बघितली नाही. तिच्या वेळी वेध कुठं जातात?

१८९८ ला एक बाई इंग्लंडहून तळणीला येऊन आभाळाखाली उभी राहिली. सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्याच भागातल्या बाईला उंबरठ्याच्या बाहेर येऊ द्यायचं नाही, याची लाज वाटली पाहिजे.

लोक बदलत नाहीत म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास ग्रहण होतं तेव्हा लोकांनी घरातच बसावं म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा दाखवला होता. रस्ते ओस. २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, त्याच दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवलं आणि लोक चष्मे घेऊन गच्चीवर आले. मधे फक्त पंधरा वर्षं. कोणीतरी "घरात बसा"ऐवजी "असं बघा" सांगितलं, एवढंच.

तेच आपल्या गावात सांगायचं आहे. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. २ ऑगस्ट २०२७ ला जिल्ह्यातली एकही शाळा ग्रहणासाठी लवकर सुटू नये. उलट मुलांना मैदानावर आणावं. ग्रामपंचायतीने आयएसओ १२३१२-२ असा मार्क असलेले चष्मे आधीच मागवावे. एका वर्गाला दहा पुरतात, आळीपाळीने बघता येते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही नको. डोळ्याचा पडदा जळतो तेव्हा दुखत नाही, म्हणूनच तो धोका कळत नाही. चष्मा नसेल तर घरातली चाळणी उन्हात धरा. तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर एकेक कुरतडलेला सूर्य उतरतो. कडुनिंबाच्या सावलीतही तसेच शेकडो सूर्य पडलेले असतात. याला एक रुपया लागत नाही. ढग असले तर मास्तरांनी वर्गात चेंडू आणि बॅटरी घेऊन पुलगाव-तळणीची गोष्ट सांगावी.

आणि पुलगाव-तळणीच्या स्टेशनांवर १८९८ ची एक पाटी लागावी. मोठं स्मारक नको, पाटी पुरे. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना पटते त्यांनी आपापल्या गावात मांडावा. ज्यांच्या घरी तेव्हा गरोदर सून-लेक असेल त्यांनी ग्रामसभेचीही वाट बघू नये. तिला वेळेवर जेवू द्यावं, आणि हातात चष्मा देऊन अंगणात खुर्ची टाकून द्यावी.