चिपचे शिक्षण आणि जंगलातले जिल्हे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विकासाचा प्रश्न निघाला की राज्यकर्त्यांना प्रथम कोळसा आठवतो, मग बांबू, आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज. येथील मुलांची बुद्धी त्या यादीत सहसा नसते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. वीज राज्यभर जाते, राख आणि धूर मात्र येथेच राहतात. शिक्षणातही हाच न्याय आहे. खाणीला लागतील तेवढे कामगार घडवा, वरचे शास्त्र मुंबई-पुण्याने पाहावे!

डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी 76000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पाठोपाठ संकलित मंडलांच्या, म्हणजे रूढ भाषेत चिपच्या, रचनेत 85000 अभियंते तयार करण्याचा संकल्प सोडला. हे अभियंते कोणाच्या घरातून येणार, हा आमचा प्रश्न आहे.

चिपचा कारखाना ही अतिशय खर्चिक गोष्ट आहे. त्याला अफाट पाणी आणि अखंड वीज लागते. चिपची रचना शिकणे ही गोष्ट अगदी निराळी. मंडलाने काय करावे ते विद्यार्थी व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहितो, संगणकावर त्याची परीक्षा घेतो, त्याचे तर्कद्वारांत रूपांतर करतो आणि शेवटी सिलिकॉनवरील रेषांचा नकाशा आखतो. त्यासाठी एक एकरही जमीन संपादावी लागत नाही, एकही साग तोडावा लागत नाही.

ही विद्या एके काळी कंपन्यांच्या भिंतीआड होती. 1978 साली लिन कॉनवे यांनी अमेरिकेतील एमआयटीत ती विद्यार्थ्यांना शिकवली. नियम सोपे करून मांडले आणि अनेकांचे आराखडे एकाच सिलिकॉन चकतीवर एकत्र छापून घेतले. खर्च वाटला गेला, म्हणून विद्या वाटली गेली. सहकाराचे हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. ‘स्पाइस’ हा मंडल तपासणारा कार्यक्रम 1973 साली बर्कली विद्यापीठातून बाहेर पडला तो सर्वांसाठी खुला म्हणून. आपल्या मुंबई आयआयटीनेही ‘ईसिम’ हे खुले साधन उभे केले आहे. त्याच संस्थेत माधव देसाई यांच्या गटाने रचलेला ‘अजित’ हा सूक्ष्मप्रक्रियक 2019 साली पुढे आला. तो घडवला गेला सरकारी मालकीच्या मोहालीच्या प्रयोगशाळेत, हे खासगीकरणाच्या भाटांनी जरूर लक्षात घ्यावे.

मग अडते कोठे? चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून आहे. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ 2011 साली स्थापन झाले. अडते ते शिक्षकांपाशी, वसतिगृहांपाशी आणि भाषेपाशी. ज्या मुलाची मायबोली माडिया आहे, त्याला मराठीच दुसरी भाषा. त्याच्यापुढे एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तक टाकणे म्हणजे दार उघडून उंबरठा हातभर उंच करण्यासारखे आहे.

आमच्याच काही मित्रांना ही चैन वाटेल. भामरागडच्या शाळेला आधी शिक्षक द्या, असे ते म्हणतील. शिक्षक दिलाच पाहिजे. परंतु ‘आधी हे, मग ते’ या हिशेबात आदिवासींचे ‘मग’ कधीच उजाडलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही मुले शिकून बंगळुरातील परदेशी कंपन्यांचे स्वस्त नकाशानवीस होतील. काही होतीलही. म्हणूनच अभ्यासातील प्रश्न येथले असावेत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. थोड्या विजेवर महिनोन्महिने चालून पाण्याची पातळी कळवणाऱ्या उपकरणाची चिप रचणे, हा पदवीच्या वर्गाला शोभेल असा प्रकल्प आहे. खाणीतील धुळीची नोंद ठेवणारे उपकरण कंपनीच्या नव्हे, ग्रामसभेच्या हाती असावे, हा दुसरा.

मोहालीच्या चकतीवर या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या आराखड्यांना दरवर्षी राखीव व विनामूल्य जागा मिळावी, महागड्या साधनांचे परवाने निवडक संस्थांपुरते न ठेवता येथील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाला खुले व्हावेत, आणि गोंडवाना विद्यापीठात या विषयाचे कायम, कंत्राटी नव्हे, अध्यापक नेमावेत. विदर्भातील आमच्या कार्यकर्त्यांनी विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनावर नेण्याच्या मागण्यांत वनहक्कांच्या शेजारी या तीन मागण्याही लिहाव्यात.