अधिक खत म्हणजे अधिक गुण नव्हे

रायपूरच्या गोल बाजारात खरेदीस आलेला ग्राहक ओवा तळहातावर चोळून हुंगतो, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. मालाचे वजन आणि मालाचा गुण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शेतात मात्र या भेदाचा विसर पडतो. पीक उंच व हिरवेगार दिसले म्हणजे खत लागू पडले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे भांगेच्या झाडावरील प्रयोगांनी स्पष्ट होते.

हे झाड दांड्यातील वाखासाठी, बियांसाठी आणि मादी फुलांवरील राळेसाठी लावले जाते. नागपूर राजधानी असलेल्या ज्या मध्यप्रांतात रायपूर पूर्वी मोडत असे, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गांजाची परवान्याची लागवड निमाड जिल्ह्यातील खांडवा भागापुरतीच मर्यादित होती. बंगालमधील नौगावचे शेतकरी जमिनीला शेणखत व पेंड देत आणि नर झाडे वेळीच उपटून टाकीत, कारण फुलांत बी धरले की राळेचा गुण उतरतो. खत आणि गुण यांचा विचार निरनिराळा केला पाहिजे, हे त्यांना अनुभवाने उमगले होते.

आधुनिक प्रयोगांनी या अनुभवास मापाची जोड दिली. १९९० नंतरच्या दशकात नेदरलँड्समध्ये वाखाच्या पिकाला हेक्टरी ८० व २०० किलो नत्र देऊन तुलना करण्यात आली. अधिक नत्राने झाडांतील स्पर्धा वाढली आणि दाटीत अधिक झाडे मेली. इस्राएलच्या व्होल्कानी संशोधन केंद्राने २०२१ मध्ये औषधी वाणांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. नत्राची मात्रा वाढत गेली तसे फुलांतील औषधी घटकांचे प्रमाण घटत गेले. याचे एक स्पष्टीकरण असे की या घटकांच्या रेणूंत नत्र नसतोच. नत्र मुबलक असता झाड आपला कर्ब प्रथिने व पाने घडविण्याकडे वळविते. तथापि यावरून झाडाला उपाशी ठेवावे असा अर्थ निघत नाही. नत्र तोकडा पडल्यास फुलांचे उत्पन्नच खालावते. म्हणून ‘किती वाढले?’ या प्रश्नाआधी ‘काय वाढावयास हवे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

ह्यूमिक आम्ल, समुद्रशैवालाचा अर्क इत्यादी जैव-उत्तेजकांना हाच न्याय लागू होतो. ही द्रव्ये खताची जागा घेत नाहीत; ती वनस्पतीच्या शरीरक्रियांना चालना देतात, असे मानले जाते. त्याच केंद्राच्या २०१९ मधील प्रयोगात ह्यूमिक आम्लामुळे झाडाच्या निरनिराळ्या भागांतील औषधी घटकांत एकसारखेपणा आला, परंतु त्यांचे प्रमाण काही अंशी घटले. औषध बनविणाऱ्यास एकसारखेपणा मोलाचा वाटेल. दुसऱ्यास ते नुकसान वाटेल. बाटलीवरील ‘भरघोस वाढ’ या शब्दांत यातले काहीच सांगितलेले नसते.

भारतात हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून या झाडाची लागवड करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये वाख व बियांसाठी परवाने देण्यास प्रारंभ केला. तेथे मादक घटकाची मर्यादा ०.३ टक्के आहे. ती मुख्यतः वाणावर अवलंबून असली, तरी खतामुळे घटकांत फरक पडतो हे सिद्ध झाल्यावर परवाना देणाऱ्या शासनाने खताच्या मात्रेचाही सल्ला दिला पाहिजे. पीक मर्यादेबाहेर गेल्यास भुर्दंड बाटली विकणाऱ्यावर नव्हे, शेतकऱ्यावर पडतो.

छत्तीसगडच्या धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यालाही ही बाटली परकी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव-उत्तेजके प्रथमच खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच सांगितले की पूर्वी अशी सुमारे ३०,००० उत्पादने तपासणीवाचून विकली जात होती. नियम झाले ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण चाचणीचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या भाषेत बाटलीवर छापला गेला, तरच त्यांचा उपयोग. कोणत्या पिकावर, कोणत्या मातीत, किती मात्रेने आणि कोणत्या गुणात फरक पडला, हे त्यात असावे. शेतकऱ्यानेही एक वाफा औषधावाचून राखून तुलना करावी. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी अशा तुलना गावोगावी करून दाखविल्यास मोठे काम होईल.

गोल बाजारातील तराजूला शासनाचा शिक्का लागतो, म्हणून ग्राहक निश्चिंतपणे वजन मान्य करतो. बाटलीतील आश्वासनाला तसाच शिक्का मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.