छत्रीची दिशा, पडद्याची दशा

मराठी माणसाच्या बोलीत ‘पानिपत झाले’ म्हणजे सारेच हातचे गेले. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक झालेले हे गाव आज चादरी, गालिचे आणि कारखान्यांचे शहर आहे. नॅशनल फर्टिलायझर्सचा खत कारखाना, १९९८ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना अशा ठिकाणी देशभरातून माणसे नोकरीसाठी येतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. कमावत्या माणसाचा दिवस कामात जातो, मुले शाळेत हिंदी चटकन उचलतात. प्रश्न उरतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा. सासूबाईंना शेजारणीशी दोन शब्द बोलायचे तर भाषा अपुरी पडते. सून आणि मुलगा बाहेर असताना त्यांच्या कानावर मराठी पडते ते टीव्हीतूनच. अशा घरात पडदा काळा झाला, तर ती नुसती करमणुकीची गैरसोय राहत नाही.

आणि घाई होते ती नेमकी अशाच घरात. आईला करमत नाही म्हणून मुलगा नवा बॉक्स आणतो. चित्र तरीही अडखळते, मग नवी छत्री येते. शेवटी कळते, की गच्चीवरच्या जोडात पाणी शिरले होते आणि काम थोडक्यात भागले असते. टीव्हीचे चित्र एका साखळीतून घरात येते. साखळीची कोणती कडी तुटली आहे ते आधी शोधावे, मग खिशात हात घालावा. एवढे पथ्य पाळले, तर बराचसा खर्च वाचतो.

मुंग्या गेल्या, चौकोन आले

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि १९८२ मध्ये ती रंगीत झाली. त्या काळात बिघाडाची लक्षणे ओळखीची होती. पडद्यावर मुंग्या दिसल्या की सिग्नल क्षीण, चित्रामागे सावली दिसली की अँटेना फिरलेला. पीतमपुऱ्याचा टॉवर २३५ मीटर उंच असला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा सरळ पल्ला साधारण पाऊणशे किलोमीटरच. दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेले पानिपत या पल्ल्याच्या पलीकडे पडते. एवढ्या लांब राहणाऱ्यांना उंच पाइप आणि बूस्टर यांचाच आधार असे.

आता तो अँटेना इतिहासजमा झाला आहे. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुनी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने थांबली आणि २०२२ पर्यंत बहुतेक केंद्रे बंद झाली. गच्चीवर जुना पाइप अजून उभा असेल, तर तो जाणत्या माणसाकडून उतरवून घ्यावा. वादळात तो विजेच्या तारांवर कोसळण्याचा धोका असतो.

डिजिटल चित्राची तऱ्हा वेगळी आहे. सिग्नल थोडा कमी झाला, तरी चित्र स्वच्छच दिसते. आणखी थोडा घटला की एकदम चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि मग पडदा कोरा. म्हणजे काल चित्र उत्तम होते यावरून छत्रीही उत्तम होती असे समजू नये. ती कदाचित काठावरच उभी असेल.

आधी घरातल्या घरात

गच्चीवर जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रिमोटचे भलतेच बटण दाबले जाऊन टीव्हीचे इनपुट बदलले आहे का? वृद्धांच्या घरात हे नेहमी घडते. टीव्ही चालू, बॉक्स चालू, पण दोघांची गाठच नाही. दुसरी, बॉक्सचा प्लग काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावल्यावर काही फरक पडतो का? तिसरी आणि सर्वांत उपयोगी, शेजाऱ्यांकडे त्याच सेवेचे चित्र दिसते आहे का? त्यांच्याकडेही नसेल, तर दोष आपल्या घरात नाही. स्वस्थ बसावे.

एखादीच वाहिनी गायब असेल, तर छत्रीला हात लावूच नये. दूरदर्शनच्या फ्री डिश या सेवेला महिन्याचे भाडे नाही. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. खासगी वाहिन्यांना मात्र तेथे लिलावातून जागा मिळते, त्यामुळे त्या येतात-जातात आणि क्रमांकही बदलतात. अशा वेळी बॉक्सच्या मेनूमध्ये जाऊन वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा. काही वाहिन्या एमपेग-४ प्रकारच्या असल्याने जुन्या बॉक्सवर उमटतच नाहीत. तेथे बॉक्स बदलावाच लागतो.

पुण्याची छत्री पानिपतला

बदली झाल्यावर सामानाबरोबर छत्रीही येते आणि ‘तिकडे चालत होती तशीच लावा’ असे सांगितले जाते. पण गाव बदलले की आकाशातला पत्ताही बदलतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर तो जागच्या जागी असल्यासारखा दिसतो. पुण्याहून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ४८ अंश वळून आणि क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश उंचीवर सापडतो. पानिपतहून पाहायचे तर दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे ३१ अंशच वळायचे आणि उंची ५१ अंश धरायची.

दिशा ठरवण्याची सोपी युक्ती आहे. पानिपतला दिल्लीच्या बाजूस, म्हणजे दक्षिणेला, तोंड करून उभे राहावे. समोर घड्याळाचा बाराचा आकडा आहे असे मानावे. छत्रीने पाहायचे ते अकराच्या आकड्याकडे. पुण्यात हीच दिशा अकरा आणि दहा यांच्या मधोमध येते. मोबाइलमधील होकायंत्र वापरत असाल, तर लोखंडी पाइपापासून दूर उभे राहून दिशा पाहावी. खासगी कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी असल्याने त्यांचे अंश निराळे, ते त्या त्या कंपनीकडून विचारून घ्यावेत.

छत्री दिसायला बरीच उभी वाटते, म्हणून ‘ही तर आकाशाकडे बघतच नाही’ अशी शंका येते. या छत्र्यांचा आकारच असा असतो, की त्यांची नजर दिसते त्याहून २०-२५ अंश वर असते. तेव्हा नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, बॉक्सच्या मेनूमधील पट्ट्या पाहाव्यात. तेथे ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या असतात. छत्री भलतीकडे असतानाही पहिली पट्टी भरलेली दिसू शकते. योग्य उपग्रह सापडला की नाही हे सांगते ती दुसरी. एकाने छत्री अगदी सावकाश हलवावी आणि दुसऱ्याने खालून क्वालिटीचा आकडा मोठ्याने सांगावा. जास्तीत जास्त आकडा आला, की नट आवळून छत्रीच्या पट्टीवर आणि पाइपावर रंगाने खूण करून ठेवावी. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची कड दोन सेंटीमीटर सरकली, तरी काही अंशांचा फरक पडतो आणि तेवढ्याने चित्र जाऊ शकते. पुढच्या खेपेस ही खूणच मेकॅनिकचे काम करते.

आंधी, धुके आणि माकडे

मे-जूनमध्ये हरियाणात धुळीची वादळे येतात. तिकडे त्यांना आंधी म्हणतात. आंधीनंतर चित्र गेले, तर छत्री सरकल्याचाच संशय घ्यावा. गच्चीवर माकडांचा वावर असेल, तर वायर आधी पाहावी. ती लोंबती न ठेवता जागोजागी घट्ट बांधावी.

जोरदार पावसात चित्र जाते, ते थेंब सिग्नल शोषतात म्हणून. पाऊस ओसरला की ते आपोआप परत येते. त्या दहा मिनिटांत धीर सोडून नट सैल करणारा माणूस तात्पुरता बिघाड कायमचा करून ठेवतो. शिवाय विजा चमकत असताना छत्रीला हात लावणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी बॉक्सचा प्लग काढून ठेवणे एवढेच करावे.

डिसेंबर-जानेवारीत सगळा दोष धुक्याला दिला जातो. वास्तविक धुक्याने उपग्रहाचा सिग्नल फारसा अडत नाही. रात्रभर पडणारे दव मात्र वायरीच्या जोडात उतरते. चित्र सकाळी अडखळत असेल आणि उन्हे चढल्यावर सुधारत असेल, तर जोड ओला आहे असे समजावे. बॉक्स बंद करूनच जोड उघडावा, कारण वायरीतून छत्रीसमोरच्या एलएनबीला वीजपुरवठा होत असतो. हिरवट किंवा काळा पडलेला तुकडा कापून नवा कनेक्टर बसवावा आणि त्यावर पाणी रोखणारी टेप गुंडाळावी. वायर घरात शिरते तेथे तिला खाली झुकलेले एक वळण द्यावे. पाणी वळणाच्या टोकाशी ठिबकून जाते, आत येत नाही.

आणखी एक चमत्कारिक बिघाड वर्षातून दोनदा होतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, काही दिवस रोज थोडी मिनिटे चित्र जाते. आकाश स्वच्छ, छत्री जागेवर, मग झाले काय? पानिपतहून पाहताना त्या वेळी सूर्य नेमका जीसॅट-१५ च्या मागे येतो आणि त्याच्या प्रखर लहरींत उपग्रहाचा सिग्नल बुडतो. सूर्य पुढे सरकला की चित्र परत. यावर औषध नाही आणि गरजही नाही.

इंटरनेटवरून पाहताना

आता मराठी मालिका आणि नाटके इंटरनेटवरूनही पाहता येतात. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्ज’ हे ॲप आणले, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्याही आहेत. पण मधेच पडद्यावर चक्र फिरू लागते आणि घरातले महागडा प्लॅन घ्यायला निघतात. त्याआधी तीन पायऱ्यांची परीक्षा घ्यावी.

मोबाइलचा डेटा बंद करून तो वाय-फायला जोडावा आणि राउटरजवळ उभे राहून तोच कार्यक्रम लावावा. तेथेही अडखळला, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे, कंपनीकडे तक्रार नोंदवावी. तेथे नीट चालला, तर मोबाइल टीव्हीजवळ न्यावा. आता अडखळला, तर वाय-फाय तिथवर पोचत नाही. तेथेही मोबाइल सुरळीत असेल, तर दोष टीव्हीत आहे. टीव्हीचा प्लग काढून पुन्हा लावावा, ॲप अद्ययावत करावे, न लागणारी ॲप्स काढून टाकावीत.

वाय-फाय पोचत नसेल, तर राउटर कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यभागी, उघड्यावर, डोक्याइतक्या उंचीवर ठेवावा. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसतात. पहिले वेगवान, पण विटांच्या भिंतींपुढे हतबल. दुसरे लांब जाते, पण मायक्रोवेव्ह भट्टी चालू झाली की गडबडते. राउटर त्याच खोलीत असेल तर पहिले, दोन भिंतींपलीकडे असेल तर दुसरे निवडावे. टीव्ही जागचा हलत नाही, म्हणून शक्य असेल तर राउटरपासून सरळ वायर ओढणे सर्वांत उत्तम.

वेगाचा हव्यासही नको. एचडी चित्राला सुमारे ५ मेगाबिटचा वेग पुरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही पाहणाऱ्यांनी मात्र जपावे. एचडी चित्र तासाला साधारण ३ जीबीपर्यंत डेटा खाते, म्हणजे दिवसाचे २ जीबी एका तासाच्या आतच संपतात. वीज वारंवार जात असेल, तर राउटरला छोटी बॅटरी जोडून घ्यावी.

आजींसाठी एक कागद

इतके सगळे करूनही एक कडी दुर्लक्षित राहते, ती म्हणजे टीव्ही पाहणारी व्यक्ती. सुनेला जे एका बटणाचे काम, ते आजींना कोडे वाटते आणि ‘सारखे काय विचारायचे’ म्हणून त्या दिवसभर कोऱ्या पडद्यासमोर बसून राहतात. म्हणून एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे: आधी कोणता रिमोट, मग कोणते बटण, सह्याद्रीचा क्रमांक किती. रिमोटवरच्या नेहमीच्या दोन बटणांवर रंगीत टिकल्या लावाव्यात आणि इनपुटच्या बटणावर चिकटपट्टी. कागदाच्या मागच्या बाजूस छत्रीचे अंश, ग्राहक क्रमांक आणि मेकॅनिकचा फोन नंबर टिपून ठेवावा. वाहिन्यांचे क्रमांक बदलले, की कागदही त्याच दिवशी बदलावा. एखाद्या रविवारी आजींच्या शेजारी बसून, त्यांच्याच हातून चार वेळा टीव्ही बंद-चालू करून घ्यावा. गच्चीवरच्या दुरुस्तीला मेकॅनिक मिळतो, हे काम मात्र घरच्यांनीच करायचे असते.